पंचवीस भागिले सहा

चार माणसांनी एकत्र येऊन एखादे काम करावे की करू नये, याबद्दल आपल्या पूर्वजांचे काही नक्की ठरलेले दिसत नाही. एका दमात ते 'गाव करी ते राव न करी' असे सांगून गेले आणि दुसऱ्या दमात 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' असेही सांगून ठेवले. यातली पहिली म्हण शिक्षणतज्ज्ञांच्या वाट्याला आली आणि दुसरी आम्हा शिक्षकांच्या. शिक्षणतज्ज्ञ गार हवेच्या सभागृहात बसून सहकार्याची भावना, नेतृत्वगुण, संघवृत्ती असे शब्द फळ्यावर लिहितात आणि त्याखाली रेघ मारून उत्तर काढतात : गटप्रकल्प. मग आम्ही तो राबवतो. 'राबवणे' हे क्रियापद मराठीत उगाच आलेले नाही. त्यात राबायचे कुणी, हे आधीच सांगून टाकले आहे.

मी अंधेरीच्या एका कॉलेजात शिकवतो. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण आमचे प्राचार्य मराठी वाचतात. 2011-12 साली मुंबई विद्यापीठाने श्रेयांक पद्धत आणली. त्याआधी विद्यार्थी वर्षभर काय करतो याची विद्यापीठाला फारशी चौकशी नसे. तीन तास बसून तो पेपरात काय लिहितो, एवढेच बघितले जाई. नव्या पद्धतीत शंभरातले 60 गुण लेखी परीक्षेला राहिले आणि 40 अंतर्गत, म्हणजे आमच्या हाती आले. आमच्यावरचा हा विश्वास फार काळ टिकला नाही. पुढे ते प्रमाण 75 आणि 25 असे झाले. या 25 पैकी 10 मिळाले की पोरगा पास. 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण सगळ्या संलग्न कॉलेजांत आले, विषयांची नावे बदलली, त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट अशी भर पडली. पण गटप्रकल्प आपल्या जागी आहे. सरकारे येतात आणि जातात, तसेच हे.

गटात मुले सहाच का, असे मला नेहमी विचारले जाते. याचे शास्त्रीय कारण मी पालकसभेत सांगतो, खरे कारण इथे सांगतो. माझ्या वर्गात 120 मुले. प्रत्येकाने 30 पानांचा प्रकल्प दिला तर 3600 पाने होतात. सहा-सहांचे गट केले की 20 प्रकल्प आणि 600 पाने. सहकार्याच्या भावनेचा उगम या भागाकारात आहे.

आमच्याकडे येणारी मुले या बाबतीत काही कोरी पाटी नसतात, बरे का. शाळेपासून त्यांची तयारी झालेली असते. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा असा आदेश दिला. हेतू फार चांगला होता. त्याचे उपनगरात रूपांतर असे झाले, की घरोघर थर्माकोलची पृथ्वी तयार होऊ लागली. 'प्लास्टिकचा भस्मासुर' या विषयावरचा प्रकल्प प्लास्टिकच्या फायलीत, प्लास्टिकचे कव्हर घालून शाळेत जाई. 2018 साली महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली, तेव्हा आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या तीन गृहस्थांना हायसे वाटले, कारण रात्री अकरा वाजता ती पृथ्वी कापायचे काम त्यांच्याकडे होते. त्यातल्या एकांना आपल्या मुलीच्या प्रकल्पात दहापैकी सातच मिळाले होते. ते गृहस्थ बँकेत चीफ मॅनेजर आहेत. पुढे पंधरा दिवस ते जिन्यात कुणाशी बोलत नव्हते.

तर अशी तयारीची मुले घेऊन आम्ही गट पाडतो. गट पाडण्याच्या पद्धती दोन. एक म्हणजे मुलांना आपापले गट करू द्यायचे. यात वर्गातली हुशार सहा जण एका गटात जातात, शेवटच्या बाकावरचे सहा दुसऱ्या गटात जातात आणि जे कुणालाच नको असतात ते तासानंतर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. त्यांचे चेहरे बघवत नाहीत. म्हणून मी दुसरी पद्धत घेतो : हजेरीपटाच्या क्रमाने सहा-सहा. याला मुलांचा फार विरोध असतो आणि त्यात भूगोल असतो. बोरिवलीचा मुलगा, मुलुंडची मुलगी, घाटकोपरचे दोघे आणि विरारहून येणारा एक अशांनी भेटायचे कुठे? 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा घाटकोपर हे अंधेरीचे शेजारी आहे असा शोध आम्हाला लागला. तोवर ती दोन गावे होती आणि मधे साकीनाका नावाचा घाट होता. आता भेटणे सोपे झाले. पण भेटणे सोपे झाले म्हणून कुणी भेटते, असे थोडेच आहे?

गटात एकदा सहा जण आले, की त्यांच्यात आपोआप खातेवाटप होते. पहिली एक मुलगी असते. ती सगळे करते, आणि आपण सगळे करतो आहोत हे तोंडाने सांगत नाही, नुसते सुस्कारे टाकते. दुसऱ्याकडे 'मुखपृष्ठ' हे खाते असते; तो विषयाचे नाव सात रंगांत लिहून आणतो आणि महिनाभर त्याच पुण्याईवर जगतो. तिसरा झेरॉक्सवाल्याच्या ओळखीचा. चौथा 'मी प्रेझेंटेशन देईन' म्हणतो आणि त्या दिवशी त्याचा घसा बसतो. पाचवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दर दोन तासांनी अंगठा दाखवतो. अंगठा हेच त्याचे योगदान. पूर्वी निरक्षर माणसे अंगठा लावत, आता साक्षर लावतात. सहाव्याबद्दल पुढे बोलू. हल्ली या सहांत चॅट-जीपीटी नावाचा सातवा सभासद आला आहे. तो रात्री-बेरात्री काम करतो, कुणाशी भांडत नाही आणि गुणांत वाटा मागत नाही. त्याला स्वतःचे असे ज्ञान किती ते ठाऊक नाही, पण आत्मविश्वास प्राध्यापकाचा आहे.

यात आपल्या पोरांचाच दोष आहे असे कुणी समजू नये. फ्रान्समध्ये माक्स रिंगेलमान नावाचा शेतकी इंजिनिअर होऊन गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने माणसांना दोरी ओढायला लावली आणि प्रत्येकाचा जोर मोजला. ते आकडे 1913 साली छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो दोघांत लावत नाही. तिघांत आणखी कमी. आणि आठ जण झाले की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. थोडा जोर एकमेकांच्या ओढीत मेळ नसल्यामुळे वाया जातो, आणि थोडा 'बाकीचे आहेत की!' या भावनेत. हे वाचून मला त्या माणसाविषयी फार आपुलकी वाटली. त्याच्याकडे निदान मोजायला यंत्र होते. सहा जणांनी मिळून लिहिलेल्या 30 पानांतून कोणाचा जोर किती, हे दाखवणारा काटा अजून बाजारात आलेला नाही. तो येईपर्यंत नियमांवर भागवावे लागते.

पहिली काही वर्षे नियम साधा होता : गटाला जेवढे, तेवढे प्रत्येकाला. याने सुस्कारेवाल्या मुली फार दुखावतात. मग दुसरा नियम आला : प्रत्येकाने आपण प्रकल्पातला किती टक्के भाग केला, ते सहीनिशी लिहून द्यावे. एका गटाची बेरीज 340 टक्के आली. गंमत म्हणजे त्यात कुणी खोटे बोलत नव्हते. जो तो आपण केलेल्या कामाच्या वेळी हजर होता; दुसऱ्याने केलेल्या कामाच्या वेळी तो नव्हता. आपल्या घामाचा वास आपल्यालाच जास्त येतो. हे फक्त कॉलेजात होते असेही नाही. एखाद्या सुखी घरात नवराबायकोला निरनिराळे बसवून 'घरातले किती टक्के काम तुम्ही करता?' असे विचारून बघा. शक्यतो दुसऱ्याच्या घरात विचारा.

तिसरा नियम गुप्त चिठ्ठ्यांचा. प्रत्येकाने उरलेल्या पाचांना दहापैकी गुण द्यायचे. ज्याची सरासरी पाचांच्या खाली येईल, त्याला गटाच्या निम्मेच गुण. हा नियम मला फार आवडला होता, कारण त्यात लोकशाही होती. मुलांनीही लोकशाहीला साजेल असाच त्याचा उपयोग केला : सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा. तेव्हा चौथा नियम आला, तोंडी परीक्षा. सहाही जणांना समोर बसवून त्यांच्याच प्रकल्पातले प्रश्न विचारायचे. 'तुमच्या प्रकल्पाचा विषय काय?' या प्रश्नाला 'सर, एक मिनिट हं' म्हणून पान उलटणारा महाभाग मी पाहिला आहे. आणि चिठ्ठ्यांत एक निघाले आणि तोंडी परीक्षेत दुसरे, तर तोंडी परीक्षा खरी धरावी, हा पाचवा नियम. या पाचव्या नियमावर एका मुलाचे वर्ष अवलंबून होते, ते सांगतोच.

खरे तर गटाने काम कसे करावे याचा नमुना आमच्या उपनगरात दर गोकुळाष्टमीला रस्त्यात उभा राहतो. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. तिथे गुणांचे वाटप कसे करतात? हंडी सगळ्यात वरचा फोडतो, फोटो त्याचा येतो. पण तळाच्या थरातला एखादा जरी 'मी जरा चहा घेऊन येतो' म्हणाला, तरी काय होईल हे वरच्याला पक्के माहीत असते. म्हणून वरचा खालच्याच्या खांद्यावर पाय ठेवताना आधी त्या पायाने नमस्कार केल्यासारखा तो टेकवतो. आमच्या प्रकल्पात खालचा थर निघून गेला तरी वरचे पडत नाहीत, ही मुख्य अडचण आहे. ते हवेत तसेच राहतात. मुखपृष्ठ सात रंगांत असते.

आता मुदतीविषयी. मुदतीचे प्रकार तीन : अंतिम तारीख, अंतिम म्हणजे अगदी अंतिम तारीख, आणि 'सर, घेता ना प्लीज'. माझा नियम असा, की उशिराच्या प्रत्येक दिवसाला एक गुण कमी. पहिल्याच वर्षी एका कॉमर्सच्या मुलाने वहीच्या मागे हिशेब मांडला : 25 पैकी 10 ला पास, म्हणजे 15 दिवस आपलेच आहेत! मी त्याला म्हटले, 'अरे, पण त्यासाठी मुळात पंचवीसपैकी पंचवीस मिळायला हवेत.' त्यावर तो म्हणाला, 'सर, पॉझिटिव्ह राहायला तुम्हीच सांगता.' तो मुलगा आज शेअर दलालाकडे आहे आणि चांगले चालले आहे म्हणतात.

उशिराची कारणे पूर्वी निसर्गाकडून येत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या पावसात वाहून गेलेल्या जर्नलांची मोजदाद पुढे दोन वर्षे चालू होती. आता जी मुले माझ्या वर्गात आहेत त्यांचा तेव्हा जन्मही नव्हता, म्हणून त्यांना पाऊस वापरता येत नाही. त्यांना मेगाब्लॉक आहे, हँग झालेला मोबाइल आहे आणि प्रिंट काढणाऱ्याकडची लाइन आहे. या सगळ्यात मला एक नवल वाटते. हीच मुले बोरिवलीहून सकाळची 7.12 पकडतात. 7.12 म्हणजे 7.12. त्यासाठी पायजम्यावर शर्ट चढवून जिना उतरताना बटणे लावतात. गाडीला कुणी 'प्लीज' म्हणत नाही, कारण गाडीला कान नाहीत. मुदत पाळली जाते ती तिथेच, जिथे गयावया करायला समोर माणूस नसतो. माणूस दिसला, की मुदत मऊ होते. मला हे कळते. आणि तरीही, एखाद्या पोराने दारात उभे राहून 'सर' म्हटले की माझी रेल्वे होत नाही.

शिवाय 2017 पासून मुलांच्या हातात एक ब्रह्मास्त्र आले आहे. कायदा असा, की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, आणि फार झाले तर 45 दिवसांत विद्यापीठाने निकाल लावावा. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. 477 परीक्षा, 17 लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. निकाल रखडले. राज्यपालांनी कुलपती या नात्याने 31 जुलै ही अंतिम तारीख दिली. ती उलटली. पुढच्या तारखा पडत गेल्या, मुलांचे पुढचे प्रवेश टांगून राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले. एवढा मोठा गटप्रकल्प मुंबईत दुसरा झाला नसेल. तेव्हापासून मी वर्गात मुदतीचे महत्त्व सांगू लागलो, की मागून एक आवाज येतो, 'सर, एकतीस जुलै!' मी म्हणतो, 'बाळा, त्यात गटप्रमुखाचे सगळे गुण गेले, तेही लक्षात ठेव.' मग मागे जरा शांतता होते.

याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे 2018 ची ही गोष्ट. गट क्रमांक सात. विषय : 'रेल्वे स्थानकाबाहेरील फेरीवाले : एक सर्वेक्षण'. प्रकल्पाची अंतिम तारीख होती सोमवार, आणि महिना श्रावण. हा गट आला बुधवारी. दोन गुण गेले. प्रकल्प मात्र चांगला होता. 40 फेरीवाल्यांचे 40 फॉर्म हाताने भरलेले, त्यावरून तक्ते, आलेख. मी 18 दिले, उशिराचे दोन काढून 16. मग चिठ्ठ्या उघडल्या. पाचही चिठ्ठ्यांत सहाव्याला शून्य. दहा-दहाची खैरात करणाऱ्या वर्गात शून्य, तेही पाच वेळा! खाली कारणे होती : 'एकाही मीटिंगला आला नाही.' 'ग्रुपवर रिप्लाय देत नाही.' 'प्रिंटिंगचे साठ रुपये दिले नाहीत.' 'त्याच्यामुळे लेट झालो.' सहाव्याच्या स्वतःच्या चिठ्ठीत सगळ्यांना दहा होते. नियमाप्रमाणे सोळाचे निम्मे आठ. आठ म्हणजे नापास.

तोंडी परीक्षेला सहा जण बसले. सहावा टोकाला, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी फॉर्म चाळत होतो. त्यात एक प्रश्न होता, 'स्टेशनपासून अंतर'. 40 पैकी 37 फॉर्मांत उत्तर एकच : 151 मीटर. मी विचारले, 'हे काय? सगळे फेरीवाले एका वर्तुळात बसतात का?' मुखपृष्ठवाला हसला. सुस्कारेवालीने तक्ता काढून दाखवला, त्यात '151 मीटर : 37' असे रीतसर लिहिले होते आणि त्याचा एक निळा आलेखही होता. का, ते कुणालाच सांगता येईना. मग टोकाकडून आवाज आला.

'सर, ते सगळे एकशे एक्कावन्नच सांगतात. कोर्टाने दीडशे मीटरच्या आत बसायचं नाही म्हटलंय ना. म्हणून एक मीटर जास्त.'

बरोबर होते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून 150 मीटरपर्यंत फेरीवाल्यांना बसायला मनाई केली होती. त्याआधी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली होती. 2014 च्या कायद्यात फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करायचे आहे, पण जागा मात्र कुठे कुणाला नीट मिळालेली नाही. हातात फॉर्म घेऊन कुणी आले, की तो पालिकेचा माणूस समजून लोक टोपली उचलतात.

मी विचारले, 'मग तुला कसे सांगितले त्यांनी?'

'ओळखतात मला. आई तिथंच बसते, फुलं घेऊन. मी पहिल्या गाडीने दादरला जातो फुलं आणायला. परत आलो की मग एकेकाला विचारायचो. गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आधी.'

'सगळे चाळीस तू भरलेस?'

'हो सर. सोमवारी द्यायचे होते, पण श्रावणी सोमवार ना. बेलपत्री, फुलं, खूप असतं. म्हणून लेट झालं. ते बरोबर बोलतात, मी मीटिंगला नव्हतो.'

मी बाकीच्या पाचांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि तीच मला जास्त लागली. मुखपृष्ठवाला अगदी मनापासून म्हणाला, 'पण सर, फॉर्म भरणं म्हणजे काम थोडंच आहे? तो तर रोज तसाही तिथेच असतो!'

मी हे वाक्य पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्या पोराच्या हिशेबात काम म्हणजे कॅन्टीनमधली मीटिंग, टायपिंग, बाइंडिंग आणि साठ रुपये. पहाटेच्या गाडीने जाऊन, फुलांची गोणी खांद्यावरून उतरवून, चाळीस भेदरलेल्या माणसांना बोलते करणे हे त्याच्या खात्यात कुठेच बसत नव्हते. त्या चाळीस फॉर्मांखेरीज बाकीची 29 पाने पुस्तकांतून उतरवता आली असती. फॉर्म क्रमांक एक मी पुन्हा वाचला. धंदा : फुले. किती वर्षे : एकोणीस. अंतर : 151 मीटर. मुले : एक, कॉलेजात.

पाचवा नियम होताच. तोंडी परीक्षा खरी. सहाव्याला त्याचे गुण मिळाले आणि तो पास झाला. पण नियमाने गुण दिले म्हणजे गोष्ट संपत नाही. त्या पाचांना पुढे जगायचे होते. म्हणून मी चिठ्ठ्या परत केल्या आणि म्हटले, 'एकच करा. प्रत्येकाने सहाव्याने केलेल्या कामाबद्दल एक ओळ लिहा, आणि मग वाटेल तो आकडा टाका.' दहा मिनिटे कुणी कुणाकडे बघितले नाही. चौघांनी दहा दिले. सुस्कारेवालीने सात दिले आणि खाली लिहिले, 'काम सर्वात महत्त्वाचे केले. पण मेसेजला उत्तर द्यायला हवे होते, मला रात्रभर झोप नाही लागली.' मला विचाराल तर त्या सर्व चिठ्ठ्यांत खरा आकडा तो सात. दहा देणाऱ्यांना वाईट वाटले होते. हिने मोजले होते. तिचेही खरे होते. रात्री दोनला जागून तक्ते तिनेच केले होते.

आपल्याकडे श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगतात. राजाने हुकूम काढला, महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा, गावातले झाडून सगळे दूध देवळात आणा. लोकांनी पोराबाळांच्या तोंडचे, वासरांच्या वाटणीचे दूध आणून ओतले. गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. घरचे आवरून, मुलांना पाजून, वासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध घेऊन. ते ओतले आणि गाभारा भरला. लहानपणी ही कहाणी ऐकताना मला म्हातारीच्या भक्तीचे कौतुक वाटे. शिक्षक झाल्यापासून वेगळीच काळजी वाटते. म्हातारी मुदतीनंतर आली होती. मीटिंगला तर नव्हतीच. दूध आणले तेही सगळ्यांत कमी. आमच्या नियमाने तिचे दोन गुण उशिराचे गेले असते, आणि गावाच्या गुप्त चिठ्ठ्यांत तिला शून्य पडले असते. तिच्या वतीने बोलायला महादेव होता म्हणून बरे.

आमच्याकडे महादेव नाही. पाचवा नियम आहे आणि एक शिक्षक आहे, ज्याला 7.12 सुटायची भीती आहे. तेवढ्यात जे जमेल ते. तरीही दरवर्षी नियमांचा कागद काढताना मी वर कोपऱ्यात पेन्सिलीने एक गणित मांडतो : पंचवीस भागिले सहा. दशांशात गेलात तर ते संपतच नाही, सहावर सहा येत राहतात. म्हणून मी चौथीतल्या पोरासारखे मांडतो. भागाकार चार, बाकी एक. प्रत्येक गटात असा एक बाकी राहतो, कुणाच्याच वाटणीत न बसणारा. कधी तो काहीच न करणारा असतो, कधी सगळे करणारा, आणि लांबून दोघे अगदी सारखेच दिसतात. त्यांतला कोण कोणता, एवढे जवळ जाऊन बघायचे. त्यासाठी पगार मिळतो.

यंदाचा कागद परवाच वर्गात वाटला. अंतिम तारीख सोमवार. मागून लगेच हात वर आला.

'सर, सोमवार म्हणजे सोमवारच का?'